घोणस अळी चावतच नाही, मग पाच मिनिटांत मारेल कशी?

"कपाशीवरची ही अळी चावली की माणूस पाच मिनिटांत खलास. सापापेक्षा जहरी. कर्नाटकातून नवीन आलीय." सोबत शेतात पडलेल्या दोन मृतदेहांचा फोटो. 2022च्या सप्टेंबरातला हा मेसेज आता पुन्हा काकांच्या फोनवर आलाय, आणि वेचणीला यायला बायका का-कू करतायत.

फोटोतले दोघे चाळीसगावकडे वीज पडून गेले. अळीचा काडीचा संबंध नाही.

आता 'चावली'. या अळीचं तोंड पान कुरतडण्यापुरतं, तेही अंगाखाली दडलेलं. विष असतं पाठीवरच्या गाठींवरच्या पोकळ काट्यांत. पानं चाळताना हात घासला की टोक मोडून कातडीत अडकतं. आग होते, गांधी उठतात, सूज येते, एखाद्याला मळमळतं. त्या वर्षी काही शेतकरी दवाखान्यात दाखल झाले होते, वेदना भयंकर होत्या, हे मान्य. पण पाच मिनिटांत मृत्यू? माणूस मारू शकणारी लोनोमिया अळी दक्षिण अमेरिकेत आहे, टसरच्या पतंगाच्या कुळातली. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, पण त्यालाही तास-दिवस लागतात. आपली घोणस अळी लिमॅकोडिडी कुळातली, म्हणजे स्लग कॅटरपिलर.

काटे लागले तर चोळू नका, चोळल्याने ते आणखी आत जातात. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा, दर वेळी नवा तुकडा. मग साबणाने धुऊन बर्फ लावा. धाप लागली, चेहरा सुजला किंवा काटा डोळ्यात गेला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

'कपाशीवरची' आणि 'नवीन' ही दोन्ही विशेषणं फुकटची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तेव्हाच खुलासा केला होता: अळी बहुभक्षी आहे, एरंड, आंबा अशा झाडांवर आढळते, घाबरण्याचं कारण नाही. बीडकडे ती उसावर दिसली होती.

एखाद-दुसऱ्या अळीसाठी फवारणी नको, पानासकट चिमट्याने काढा. संख्या वाढलीच तर 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी चूर्ण 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबण विरघळवून मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. संध्याकाळी फवारा, लहान अळ्यांवरच नीट चालतो. आणि खोडावरचे टणक गोल कोश उघड्या हाताने खरवडू नका. काही जातींत काटे कोशालाही चिकटलेले असतात.