दोन लाखांत टेम्पोचा कॅम्पर? जरा कागद-पेन घेऊन बसू या

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: जुना टाटा ४०७ टेम्पो नाहीतर छोटा हत्ती (टाटा एस) लाख-सव्वा लाखात उचला, हौद्यावर पत्र्याची खोली बांधा, आत प्लायचा पलंग आणि ओटा, छतावर सोलर, खाली घरातली इन्व्हर्टरची बॅटरी. दोन लाखांत चालतं-फिरतं घर तयार. गाडी तुमची, त्यामुळे आरटीओचा संबंध नाही. मुक्काम कुठेही आणि फुकट. हॉटेलचा खर्च जन्मभराचा वाचला.

कल्पनेशी माझं भांडण नाही. उलट, फिरत्या घरासाठी ४०७ निवडण्यात शहाणपणाच आहे. १९८६ पासून ही गाडी रस्त्यावर आहे, तिचा पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो आणि आडरात्री बंद पडली तरी तिचं बॉनेट उघडून आत काय आहे ते ओळखणारा मेकॅनिक जवळपास सापडतो. परदेशी व्हॅनच्या व्हिडिओंत हे सुख नाही. भांडण आहे ते मजकुरातल्या हिशेबाशी.

‘गाडी तुमची, आरटीओचा काय संबंध?’

सगळ्यात घातक वाक्य हेच, म्हणून आधी हेच घेऊ.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) नोंदलेला तपशील एक आणि उभी गाडी दुसरी, असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र खटल्यात हेच आणखी घट्ट केलं: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंड गाडीमागे नाही, बदलामागे आहे, हे खोली, खिडकी आणि वाढवलेली उंची वेगवेगळी मोजून पाहा म्हणजे लक्षात येईल.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पकडतंय कोण? पकडायला कुणी मागे लागावं लागत नाही. मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंगला, म्हणजे फिटनेस तपासणीला न्यावी लागते. हौद्यात पलंग आणि सिंक पाहून निरीक्षक काय म्हणेल? पासिंगच्या आदल्या दिवशी सगळं खोलून घरी ठेवायचं आणि नंतर परत बसवायचं, असा उपाय सांगणारेही आहेत. वेल्डिंग केलेली खोली कशी खोलायची, ते मात्र त्यांनी सांगितलेलं नाही.

पण दंड आणि पासिंग या किरकोळ गोष्टी म्हणाव्यात असा खरा प्रश्न विम्याचा आहे. मालवाहू गाडीच्या मागे बायको-मुलं बसलीत आणि घाटात अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाचा आशा राणी प्रकरणातला निकाल दोन दशकांहून जुना आहे: मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. म्हणजे ती येते मालकावर. तुमच्यावर. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावाही ‘न कळवलेला बदल’ म्हणून अडू शकतो. विम्याचा हप्ता तुम्ही भरलेला असतो, पण तो ज्या गाडीसाठी भरलाय ती गाडी आता अस्तित्वातच नसते.

कायदेशीर वाट नाही, असं नाही. केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन गाड्यांमध्ये धरलेली आहे, कॅरव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. वाट अशी: आधी आरटीओची परवानगी, मग मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून काम, मग तपासणी आणि आरसीवर नवी नोंद. हे सगळं करून दाखवा दोन लाखांत!

एका बाबतीत मात्र मजकुरावर तुटून पडणारेच चुकतात. ‘याला हेवी लायसन्स लागेल’ असं त्या मजकुराखाली अनेकजण ठणकावून सांगतात. लागत नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्कामोर्तब केलंय. ४०७ या मर्यादेत आरामात बसतो.

‘लाख-सव्वा लाखात टेम्पो’

मिळतो. चार आण्याची कोंबडी बाजारात नेहमीच असते, बारा आण्याचा मसाला नंतर घरी येतो.

इतक्या स्वस्तात विकला जाणारा टेम्पो आयुष्यभर वाळू, कांदा, विटा नाहीतर मासळी वाहून थकलेला असतो. मीटरवरच्या किलोमीटरला काही अर्थ नसतो, मीटर केबलसकट कधीच गेलेला असतो. बघायचं ते चॅसीकडे: पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे अडकवलेत तिथे भेग किंवा ताजं वेल्डिंग आहे का, आडव्या पट्ट्या गंजून पापुद्रे सुटलेत का. बंदरावर मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चॅसीवर गळलेलं असतं. वरून नवा रंग मारलेला असतो, आणि गंज रंगाखाली थांबत नाही. मग इंजिन. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढा. भसाभस धूर येत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन तेल खातंय, आणि तुमच्या दोन लाखांतला मोठा घास तिथेच जाणार आहे. टायर मोजा: मागे दुहेरी चाकं, म्हणजे सहा आणि वर स्टेपनी. चार टायरच्या हिशेबाने बजेट मांडलेले अनेकजण इथे अडखळतात.

त्यानंतर कागद. फायनान्सचा बोजा आरसीवर असेल तर बँकेची एनओसी आणून एचपी, म्हणजे ती कर्जाची नोंद, उतरवावी लागते. थकलेला टॅक्स आणि ई-चलनं गाडीबरोबर येतात, विकणारा ती बरोबर घेऊन जात नाही.

मजकुरात ‘सरकारी लिलावात तर याहून स्वस्त’ अशी पुस्ती आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही, त्या भंगारातच जायच्या असतात. त्यामुळे लिलावातली जुनी जीप किंवा रुग्णवाहिका पाहून हुरळण्याआधी तिचं वय विचारा.

‘छोटा हत्ती असला तरी चालेल’

इथे वजनाची बेरीज करू. १८ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट साधारण ३० ते ३५ किलो भरते. पलंग, ओटा, कपाट, फळ्या यांना सात-आठ शीट सहज लागतात, म्हणजे अडीचशे किलो तिथेच. चौकोनी पाइपांचा सांगाडा, वरचा पत्रा आणि दार धरून आणखी दीडशे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलो. गाद्या, भांडी, सिलिंडर, कपडे अजून चढलेले नाहीत, माणसंही नाहीत. सुरुवातीचा छोटा हत्ती पाऊण टन वाहण्यासाठी बनवलाय आणि त्याच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची ताकद सोळा अश्वशक्ती. असा गच्च भरलेला आणि वरून उंच झालेला छोटा हत्ती वरंधा घाटात चढताना काय करेल हा एक प्रश्न, उतरताना काय करेल हा त्याहून मोठा. शिवाय त्याचा हौदा जेमतेम सात फूट लांब. पलंग टाकला की घर संपलं.

४०७ चं दुखणं नेमकं उलटं. त्याचे पाटे दोन टनांच्या मालासाठी आहेत. वर सातशे-आठशे किलोची खोली ठेवली तर त्याला ती जाणवतच नाही, आणि रिकामा टेम्पो खड्ड्यात कसा उडतो हे मागे बसून गेलेल्या माणसाला विचारावं. कपाटांची दारं उघडतात, स्क्रू सैल होतात, प्लायच्या कडा फुटतात. पाट्यातलं एखादं पान काढून गाडी मऊ करणारे फिटर आहेत, पण तोही बदलच.

‘छतावर सोलर, मग एसीसुद्धा’

शंभर वॅटचं पॅनेल आपल्याकडच्या चांगल्या उन्हात दिवसाला चारशे-पाचशे वॅट-तास देतं. १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची, पण लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. यात दोन दिवे, एक डीसी पंखा, मोबाइल आणि लॅपटॉप आरामात चालतात. एक टनाचा एसी तासाला हजार वॅट-तासांच्या आसपास ओढतो. रात्रभर नको, एक तास चालवून पाहा.

आणि कोकणात जुलैमध्ये? सोडून द्या.

एसी हवासा वाटतो कारण पत्र्याची खोली तापते. नागपूरला मे महिन्यात दुपारी उभ्या टेम्पोच्या छताला हात लावून बघा. छताला पांढरा रंग, वर हवा बाहेर फेकणारा पंखा, खाली हवा आत येईल अशी जाळी, पत्रा आणि आतला प्लाय यांच्यामध्ये फोम, एवढं केलं तरी मोठा फरक पडतो. स्वस्त म्हणून थर्माकोल भरू नका. तो ठिणगी लागली की पेटतो आणि बॉडीचं काम तर वेल्डिंगचंच असतं. घरच्या ॲसिडच्या बॅटरीलाही बंद खोलीत, गादीशेजारी जागा नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

गॅसबद्दल मजकूर ‘घरचाच सिलिंडर वापरा’ एवढंच म्हणतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत, म्हणजे नेमका पलंगाखाली साठतो. जमिनीत हवेची भोकं नाहीत, बाहेर पडायला मागचं एकच दार, आणि आत झोपलेली माणसं. स्वयंपाक गाडीबाहेर करा, एवढंच म्हणेन.

‘मुक्काम कुठेही, फुकट’

आधी डिझेल. पुण्याहून मालवण जाऊन-येऊन साधारण ८०० किलोमीटर. जुन्या ४०७ ला लिटरमागे नऊ धरले तर नव्वदेक लिटर, म्हणजे आठ हजारांच्या आसपास नुसतं इंधन. लहान गाडीने हे निम्म्याच्या आसपास पैशांत होतं, आणि उरलेल्यात मालवणात घरगुती जेवणासकट एखाद-दोन रात्री निघतात. टोलनाक्यावर तुमची वर्गवारी हलक्या मालवाहूची, कारची नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे, मालवाहू नोंदणीला तो मिळत नाही.

कुठेही थांबणं तर आणखी अवघड. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं दंडनीय केलं. राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. गावात एखाद्या अनोळखी टेम्पोत रात्री दिवा दिसला की सरपंचांना फोन जातो, आणि त्यात गावाची चूक नाही. रात्रीला खरोखर बरी जागा म्हणजे वर्दळ असलेला ढाबा किंवा पेट्रोल पंप, जिथे ट्रकवाले झोपतात. सोबत असते, संडास असतो, सकाळी चहा मिळतो. ढाब्यावर जेवलात तर जागेचं भाडं कुणी मागत नाही.

मग दोन लाखांत काय होतं?

बरंच होतं, फक्त टेम्पो विसरा. खासगी नोंदणीची वापरलेली ओम्नी किंवा पाच सीटची इको घ्या. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, तरी पार्टची अडचण नाही. गाडीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, सीट काढू नका. मागची सीट दुमडून वर बसेल अशी घडीची, पायांवर उभी राहणारी फळी सुताराकडून करून घ्या; १२ मिलिमीटरचा प्लाय पुरे. तिच्याखाली प्लास्टिकचे क्रेट, एकात भांडी, दुसऱ्यात शिधा. खिडक्यांना चुंबकावर बसणाऱ्या मच्छरदाण्या, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, गाडीबाहेर वापरायची छोटी शेगडी. सहल संपली की सगळं उतरवून माळ्यावर टाकता येतं. कायद्याच्या नजरेत हे सामान आहे, बदल नाही. टोल कारचा, विमा अबाधित, आणि आठ वर्षं झाली म्हणून दरवर्षी पासिंगला रांग नाही.

तरीही ४०७ च हवा असेल तर टेम्पो बघायला जाण्याआधी बॉडी बिल्डरकडे जा. त्याच्याकडे कॅरव्हॅनच्या बांधणीची मान्यता आहे का ते विचारा आणि मान्यतेच्या कागदाची प्रत मागा. ‘आरटीओचं आपण बघून घेऊ’ असं तोंडी उत्तर आलं तर चहा घेऊन परत या.