ढाळ लागल्यावर बाळाचं पाणी तोडू नका

रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिचं लेकरू अकरा महिन्यांचं. सकाळपासून सात वेळा पाण्यासारखी शी झालेली, आणि दुपारपासून घरातल्यांनी त्याचं पाणी बंद केलेलं. का, तर सासूबाईंच्या मोबाइलवर मेसेज आला होता. कुणा 'अनुभवी डॉक्टरां'च्या नावाने फिरणारा, तळाला 'किमान दहा माता-भगिनींना पाठवा' असं लिहिलेला. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला.

त्यात थोडक्यात असं म्हटलंय: जुलाबात पाणी दिलं की जुलाब वाढतात, म्हणून पोट कोरडं ठेवा. ओआरएस (जुलाबात पाण्यात मिसळून पाजायची पुडी) म्हणजे नुसतं साखर-मीठ, कंपन्यांनी विकायला काढलेलं. खरं औषध सलाइन. आणि सरकार आशाताईंना पुड्या घेऊन दारोदार फिरवतं, जाहिराती करतं, तो सगळा पैसा वाया, कारण सांगून कुणी शिकत नाही.

वीस वर्षं मी अंगणवाडीत काम केलंय. हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिला मुद्दा मुलांचा जीव घेणारा आहे. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आम्ही हे बायकांना दुधाच्या रिकाम्या पिशवीने दाखवायचो. पिशवीवर पेनाने डोळे-तोंड काढायचं, पाणी भरायचं आणि खाली सुईने भोक पाडायचं. पाणी गळू लागलं की तो चेहरा सुरकुतायचा, गाल आत जायचे. मग विचारायचं, आता वरून पाणी ओतायचं की थांबायचं? 'थांबायचं' म्हणणारी आई मला भेटली नाही.

भाचीला फोनवरच एकेक विचारलं. टाळू खोल गेलीय का? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जाते का? शू केव्हा झाली? शू बारानंतर झालीच नव्हती, आणि कातडी सावकाश बसत होती. पोर वाटीकडे हात करत होतं म्हणाली. वाटी उचलून ओट्यावर ठेवली होती.

एक गोष्ट मान्य करते. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. पहिला दिवसभर शी तशीच होत राहते, आणि आईला वाटतं की औषध लागू पडलं नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच धरलंय. पण बहुतेक जुलाब आपले आपण थांबतात, तोवर मुलाच्या अंगातलं पाणी टिकवायचं असतं. ओआरएसचं काम तेवढंच, आणि मूल वाचतं ते त्यानेच. सोबत 14 दिवस झिंकची गोळी द्यायची आणि अंगावरचं दूध चालू ठेवायचं.

'नुसतं साखर-मीठ' म्हणणाऱ्यांना 1971 सालचं पश्चिम बंगालमधलं, सीमेवरचं बनगाव सांगावं लागेल. बांगलादेश युद्धातले निर्वासित, छावणीत कॉलरा, रुग्णालयाच्या जमिनीवर पडलेली माणसं आणि संपत आलेलं सलाइन. डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. आधी शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, तिथे हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. यात कुठली कंपनी आली? महालनबिस यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, ते याच कामासाठी. सलाइनचं उत्तरही यातच आलं. मूल निपचित पडलं, पिईनासं झालं, तर सलाइन लागतंच, तेव्हा दवाखाना गाठायचा. शीत रक्त दिसलं तरी दवाखाना. एरवी वाटी-चमचा पुरतो.

कंपन्यांबद्दल एवढं खरं की दुकानात 'ओआरएस' नावाने खोक्यातली गोड पेयं विकली जात होती. त्यांत साखर भरमसाट, आणि जास्त साखरेने जुलाब खरंच वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने, असल्या पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली. पण तो दोष त्या खोक्यांचा. आशाताईच्या पुडीवर तो ढकलू नका.

राहिलं 'सांगून कुणी शिकत नाही'. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 1980 ते 1990 या दहा वर्षांत सुमारे सव्वा कोटी घरी बायका पाठवल्या, आयांना घरच्या घरी असं द्रावण बनवायला शिकवायला. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सांगून निघून यायचं नाही, आईने ते समोर स्वतः बनवायचं. महिन्याभराने दुसरं माणूस जाऊन विचारायचं, शिकवलेल्या दहा मुद्द्यांतले किती आठवतात, आणि त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. सुरुवातीला फसलंही होतं. आया बनवायला शिकल्या, पण वापरणाऱ्या फार थोड्या. शोध घेतला तर शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना आधी पटवलं, बाजारात आणि मशिदीत पुरुषांना गाठलं, आणि वापर वाढला. भिंतीवर नुसतं पोस्टर लावून कुणी शिकत नाही, हे मीही म्हणेन. पण दारात बसून, हाताने करवून घेतलेलं टिकतं. आपल्याकडे जुलाब झालेल्या मुलांपैकी 2005-06 मध्ये 26 टक्क्यांना ओआरएस मिळत होतं, 2019-21 मध्ये 61 टक्क्यांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे आहेत हे. त्यामागे आशाताईंच्या किती चपला झिजल्या असतील!

भाचीकडे आशाताईने दिलेली पुडी कपाटात होतीच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ती अख्खी टाकायला लावली, अर्धी नाही. चमच्या-चमच्याने द्यायला सांगितलं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. सासूबाईच मांडीवर घेऊन पाजत बसल्या. रात्री साडेअकराला फोन आला, शू झाली.

सासूबाईंनी तो मेसेज अकरा जणींना पाठवला होता. त्यांना फोन करायचं काम आम्ही दोघींनी वाटून घेतलंय. त्यातल्या दोघींच्या घरी वर्षाच्या आतली मुलं आहेत, त्यांना पहिल्यांदा केला.