ताणाचे ‘रडगाणे’ म्हणणाऱ्या वाचकास

महोदय,

परिचारिकांच्या कामातील समाधान आणि ताण यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, ‘सेवेचे व्रत घेतलेल्या बाईने ताणाचे रडगाणे गाऊ नये, पूर्वीच्या सिस्टर हसतमुखाने कामे करत.’ मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र ज्या तोऱ्यात आपण हे लिहिले, तो मनाला लागला.

लहान खासगी रुग्णालयांविषयी मी त्रोटक लिहिले, ही तक्रार तेवढी रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर नेमलेल्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. तिचा उल्लेख हवा होता.

राहिल्या पूर्वीच्या सिस्टर. त्यांच्यापैकीच मी एक आहे. सरकारी रुग्णालयात माझी निम्मी हयात गेली. रात्रपाळीला खाटा भरून जमिनीवरही गाद्या पडलेल्या असत आणि सिस्टर एकटी. या टोकाचे सलाईन बदलेपर्यंत त्या टोकाला नातेवाइकांचा आवाज चढलेला असे. सकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर (वॉर्डचा ताबा) देताना चादरींची मोजदाद व्हायची, कारण एखादी कमी भरली तर वसुली इन्चार्ज सिस्टरच्या पगारातून. रुग्णाची उलटी पुसताना मला कधी कमीपणा वाटला नाही, समाधानच वाटले; जीव मेटाकुटीला येई तो चादरी मोजताना, कारण तेवढ्या वेळात कुणाचे तरी बीपी पाहायचे राहून जाई. आम्ही हसत होतो ते रुग्ण घाबरू नये म्हणून, आणि आपण त्या हसण्याचाच पुरावा करता आहात!

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये, त्या काम करत त्याच आवारात, अमानुष हल्ला झाला. त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत. मे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. त्यांच्याविषयीच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचे कौतुक केले आहे. ज्यांनी हे केले त्यांना व्रत शिकवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि त्यांनी सुरक्षित ड्यूटी रूम, पुरेशी पदभरती आणि वेळेवर रजा मागितली, तर त्यात सेवाभाव कुठे कमी झाला?

संघटनांचे राजकारण, माझा ‘छुपा हेतू’ वगैरे उरलेल्या गोष्टी उत्तराच्या योग्यतेच्या नाहीत.