कोलन आणि मी

ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मेथडच्या (प्रोग्रॅममधल्या एखाद्या कामाच्या) नावाची रनटाइमकडे, म्हणजे प्रोग्रॅम चालताना त्याचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेकडे, नोंद करायला सेल-रजिस्टर-नेम नावाचं फंक्शन आहे. नाव द्या, सिलेक्टर, म्हणजे त्या नावाची ओळखखूण, घ्या. तेच नाव पुन्हा दिलंत तर जुनाच सिलेक्टर परत. १९८०च्या दशकात ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी स्मॉलटॉक भाषेची संदेश पाठवायची रीत सी भाषेच्या गळ्यात बांधली, त्या घराण्याचा हा खाक्या. याच्या टेस्ट लिहायला असा कितीसा वेळ लागणार? "दहा मिनिटांत आलो," मी आईला सांगितलं. तेव्हा सात वाजले होते.

पहिली टेस्ट पास. मग जरा लबाडी केली. तेच नाव दुसऱ्या बफरमधून (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतून) नोंदवलं आणि बफर पुसून टाकला. रनटाइमने आधीच आपली प्रत करून ठेवलेली! शाबास.

तिसरी टेस्ट: 'वाढ:' ही मेथड आमच्या प्रोग्रॅममधल्या क्लासला येते का? (रोमन लिपीत 'वाढ' आणि 'वध' सारखंच दिसतं, ते तूर्त सोडा.) इथे कोलन हा नावाचाच भाग, पुढे आर्ग्युमेंट (मेथडला द्यायची माहिती) येणार याची खूण. 'वाढ' वेगळी, 'वाढ:' वेगळी; जसं "ये" वेगळं आणि "येताना कोथिंबीर घेऊन ये" वेगळं.

उत्तर आलं: येत नाही. हट्टाने मेथड चालवून पाहिली, तर 'अनरेकग्नाइज्ड सिलेक्टर' म्हणून प्रोग्रॅम आडवा. एक्सकोड हे कोड लिहायचं ॲप बंद करून उघडलं. क्लीन बिल्ड केलं, म्हणजे जुनं पुसून प्रोग्रॅम नव्याने बांधला, आमच्यात नारळ फोडतात तसं. नऊ वाजले. शेवटी नावाची लांबी मोजली. चार रोमन अक्षरं, एक कोलन, म्हणजे पाच बाइट. लांबी मोजणारं स्ट्रलेन म्हणे सात!

आई ताट झाकायला आली होती. शाळेत तीस वर्षं शुद्धलेखन तपासलेली बाई. चष्मा वर करून म्हणाली, "अरे, इथे विसर्ग कशाला?"

कोलन टाइप करताना मराठी कळफलक चालू राहिला होता. आयुष्यभर 'विषयः' असं विसर्ग लावून अर्ज लिहिले, बोट सवयीने तिकडेच गेलं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत विसर्ग तीन बाइट खातो. आणि रनटाइम म्हणजे लग्नात आहेर लिहून घेणारा काका: जे सांगाल ते वहीत, चौकशी नाही.

आता मी एक कायमची टेस्ट घातली आहे. सिलेक्टरचं नाव 'दुःख:', विसर्ग आणि कोलन दोन्ही. तेरा बाइट. रनटाइमने निमूट नोंदवून घेतलं.