पोट, काटा आणि बीपी : फिरत्या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. लठ्ठपणा हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, बीपीचा वजनाशी संबंध नाही, बारीक माणसालाही बीपी असतोच की, खरं कारण टेन्शन, आणि वजन उतरवा म्हणणं हे डॉक्टरांचं दुकान, असा त्याचा सारांश. खाली ‘सर्वांना पाठवा’ आहेच.

श्रीमंतांचं आधी बघू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या 15 ते 49 वयाच्या साधारण 30 टक्के स्त्रिया आणि तितक्याच पुरुषांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजनाचं माप, 25 किंवा त्याच्या वर निघाला, म्हणजे वजन जास्त. इतके श्रीमंत आपल्या राज्यात असते तर काय हवं होतं! खेडी सुटलीत असंही नाही. देशभरात शहरातल्या 33 टक्के बायका या गटात होत्या, तर खेड्यातल्या जवळजवळ 20 टक्के.

‘बारीक माणसालाही बीपी असतो.’ असतो, खरंच. वय, घराणं, मीठ, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार अशी कारणं बरीच आहेत. पण विडी न ओढणाऱ्यालाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो म्हणून विडी निर्दोष ठरते का? शिवाय आपण ज्याला बारीक म्हणतो तो बारीक असतोच असं नाही. हातपाय काडीसारखे आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर ताण, अशी माणसं बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या कुठल्याही कट्ट्यावर दिसतील. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन-उंचीच्या हिशेबाने 28.6 टक्के प्रौढ लठ्ठ ठरले, कंबर मोजली तेव्हा 39.5 टक्के. काट्याला न दिसलेले कितीतरी टेपने धरले. रक्तदाब वाढलेले 35.5 टक्के होते.

म्हणून टेप घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंमीच्या आत हवी, बाईची 80 च्या. ‘माझी पँट 34 ची’ हे उत्तर चालत नाही, कारण पँट पोटाच्या खाली बांधलेली असते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढून नव्हे. आपल्याकडे बीएमआय 25 लाच लठ्ठ धरतात. साडेपाच फुटांच्या माणसाचं ते वजन 70 किलोच्या आसपास येतं, आणि घरचे मात्र त्याला ‘अंगानं बरा आहे’ म्हणत असतात.

पोटातली चरबी गप्प पडून राहत नाही. ती मूत्रपिंडांना दाबते, मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. ती नसा आवळणाऱ्या संप्रेरकांना चेतवते. मानेभोवती चरबी साठली की घोरणं वाढतं, झोपेत श्वास अडतो, आणि सकाळचा आकडा चढलेला मिळतो. संबंध नाही म्हणणाऱ्याने यातलं नेमकं काय खोटं ते सांगावं.

टेन्शनने आकडा तात्पुरता चढतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षं चढलेला बीपी नुसत्या टेन्शनवर ढकलता येत नाही. मिठाचाही त्यात वाटा असतो. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड, ठेचा, संध्याकाळचं फरसाण धरून मोजून बघा. बेळगावच्या गोड कुंद्यावर मी बोलत नाही, तो सणावारी येतो.

दुकानाचं म्हणाल तर एक किलो उतरलं की बीपीचा वरचा आकडा साधारण एक पॉइंटने उतरतो. पाच-सहा किलोंत जे साधतं त्यासाठी केमिस्टकडे पैसे जात नाहीत. मात्र तेवढ्यावर कुणी चालू गोळी मनाने बंद करू नये. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर आकडे बघून ठरवतील.

मेसेजच्या शेवटी ‘शिबिरात मुद्दाम बीपी जास्त दाखवतात’ असंही आहे. मुद्दाम नव्हे, पण जाड दंडाला बीपीच्या यंत्राचा लहान पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. जिना चढून आल्या आल्या मोजलं तरी येतो. मोठा पट्टा मागून घ्या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, बाही वर करा, आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा.