काटक बाईला कसला बीपी?

आज सकाळपासून डोकं भणभणतंय. वाळव्याकडच्या एका फडावर बीडहून आलेली ऊसतोड बाई पहाटे मोळी उचलताना तोंड वाकडं होऊन खाली बसली. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत कोपीत निजवली, तेल चोळलं, पाणी पाजलं. मिरजेला पोचायला दुपार उलटली.

अरे, वारं म्हणजे पक्षाघात! मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात! तेही सीटी स्कॅन करून, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच जिवावर बेततं. म्हणून घरची ॲस्पिरिनही नको. पाणी तर नकोच, गिळता येत नसलं की ते फुप्फुसात उतरतं. तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा. शेवटची धड कधी होती ती वेळ नीट सांगा, डॉक्टर आधी तेच विचारतात. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

मुकादम म्हणे, "एवढी काटक बाई, तिला कसला बीपी?" कष्टानं बीपी पळतो हे कुणी सांगितलं? वर मिश्री, ठेचा, खारं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही. एक कोयता (ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी) बसला की उचल, म्हणजे आधी दिलेले पैसे, फिटत नाही, मुकादमाचीही अडचण असते. बरं, मान्य. पण म्हणून दुपारपर्यंत?

तिला गावी अम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू होती. इकडे आल्यावर गोळ्या संपल्या, उपचाराचं कार्ड गावीच. गोळी बंद केली की त्या दिवशी काहीच होत नाही, फसगत तिथेच. आठवडाभरात दाब परत चढतो आणि डोकंसुद्धा दुखत नाही. अंधारात उठून भाकऱ्या थापून फडावर जाणाऱ्या बाईला ‘गोळी का सोडलीस’ विचारायला जीभ रेटत नाही हो.

टोळ्या अजून महिनोन्‌महिने इथेच आहेत. कार्डाचा फोटो मोबाईलवर ठेवायला सांगा, गोळीची रिकामी पट्टी जपायला सांगा, आणि तीच जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. फडावर बीपी मोजणार असाल तर मोळी टाकल्या टाकल्या नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू बंद, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा, पाय जमिनीला, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. मिनिटभर थांबून परत मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर आरोग्य केंद्र, १८०/१२० च्या वर असेल तर त्याच दिवशी. आणि मनगटावरचं मशीन नेऊ नका, हात जरा खालीवर झाला की आकडा बदलतो.