रशियन गायलं म्हणजे रशियाचं गायलं?

मेटल संगीत ऐकणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतोय. मजकूर असा: ‘केवायपीसीके हा फिनिश डूम मेटल बँड रशियन पाणबुडीचं नाव लावतो, रशियनमधून गातो, म्हणजे हा सरळ रशियाचा प्रचार. फिनलंडवर रशियाचं राज्य होतं, तिथं सगळ्यांना रशियन येतंच. बाकी सगळी स्टंटबाजी.’ एवढ्याशा मजकुराला इतकं लांब उत्तर द्यावं लागतंय, पण इलाज नाही.

सुरुवात नावापासून. केवायपीसीके असं काही नाहीच. ती अक्षरं रशियन लिपीतली आहेत. आपल्याला जो वाय दिसतो तो तिथं ‘उ’, पी दिसतो तो ‘र’ आणि सी दिसतो तो ‘स’. वाचायचं ‘कुर्स्क’. ज्याला नाव वाचता आलं नाही तो शब्दांचा अर्थ सांगायला निघालाय, हे जरा गमतीचंच.

कुर्स्क म्हणजे फक्त पाणबुडी नव्हे. ते रशियातलं एक शहर आहे आणि 1943च्या उन्हाळ्यात तिथं रणगाड्यांची प्रचंड लढाई झाली. पण घटकाभर पाणबुडीच धरू. 12 ऑगस्ट 2000 रोजी ती बॅरेंट्स समुद्रात बुडाली, आतले सगळे 118 जण गेले. त्यातले 23 जण स्फोटानंतरही जिवंत होते, मागच्या नवव्या कप्प्यात गोळा झाले होते. कोलेस्निकोव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं अंधारात चाचपडत त्यांची यादी कागदावर लिहून ठेवली. वर समुद्रावर रशियन नौदल परदेशी मदत घ्यायला दिवसेंदिवस टाळाटाळ करत होतं. शेवटी 21 ऑगस्टला नॉर्वेच्या डायव्हर्सनी झडप उघडली तेव्हा आत पाणीच होतं. प्रचार करायचा असता तर रशियन सरकारची अशी नाचक्की झालेलं नाव कुणी कशाला निवडलं असतं? डूम म्हणजे संथ, जड, खिन्न मेटल. तसल्या बँडनं मात्र असंच नाव घ्यावं.

‘सगळ्यांना रशियन येतंच’ हे तर निव्वळ चूक. 1809 ते 1917 फिनलंड झारच्या अमलाखाली होता हे खरं. पण कारभार आधी स्वीडिशमधून आणि पुढे फिनिशमधूनही चाले. आजही राजभाषा त्या दोनच आहेत, आणि शाळेत पोरं कुरकुरत शिकतात ती स्वीडिश. सुमारे 56 लाखांच्या देशात रशियन मातृभाषा असलेले लाखभर. शिवाय 1939-40चं सोव्हिएत संघाविरुद्धचं हिवाळी युद्ध, मग सोव्हिएतच्या हाती गेलेल्या कारेलिया भागातून उठून आलेली चार लाखांवर माणसं. असल्या घरात रशियन शिकणं हे सोयीचं काम नव्हे.

भाषा म्हणूनही ती फिनिश माणसाला अवघडच. दोन्हींची कुळंच वेगळी. फिनिशमध्ये जोर कायम पहिल्या अक्षरावर. रशियनमध्ये तो कुठंही पडतो आणि अर्थच फिरवतो. ‘झामोक’ या एकाच शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. डूमच्या संथ चालीत एकेक स्वर ताणून गायचा असतो, तिथं असली चूक झाकायला जागा नसते. गायक एर्की सेप्पानेन रशियन शिकलेला माणूस आहे, म्हणून हे निभतं. आणि माझ्या कानाला तरी त्या ताणलेल्या स्वरांचं वजन इंग्रजीत येत नाही. हा आवडीचा भाग झाला, पुरावा म्हणून देत नाही.

स्टंट? थोडा आहे, कबूल. एकाच तारेचा बास गिटार वाजवणाऱ्यांना दिखाव्याचं वावडं आहे असं कोण म्हणेल? पण गिटारवर सामी लोपाक्का आहे, 2005 साली थांबलेल्या ‘सेंटेन्स्ड’मधला. तो बँड इंग्रजीत गाऊन नावारूपाला आला होता. चालत्या गाडीतून उतरून ही वाट धरायची आणि ‘चेर्नो’ (2008) ते ‘झीरो’ (2016) असे चार अल्बम काढायचे, याला नुसता स्टंट म्हणणं जड जातं. हेलसिंकीचाच ‘फिनट्रोल’ स्वीडिशमधून गातो. त्याला कुणी स्वीडनचा हस्तक म्हणत नाही.

राहिला प्रचाराचा आरोप. हे चारही अल्बम रशियानं युक्रेनवर 2022 साली केलेल्या हल्ल्याआधीचे आहेत. ‘त्याआधी रशियानं युक्रेनचं क्रिमिया घेतलंच होतं की’ असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. 2014 नंतर रशियन ऐकताना कान टवकारले जातात हे मीही नाकारत नाही. पण मग आक्षेप गाण्यांतल्या ओळींवर घ्या. फॉरवर्डमध्ये एकही ओळ दिलेली नाही, नुसती भाषा पाहून निकाल दिलाय. युक्रेनचे झेलेन्स्की रशियन बोलत मोठे झाले, बॉम्ब पडत आलेलं तिथलं खार्किव हे शहरही बहुतांशी रशियन बोलणारं. फॉरवर्डच्या हिशेबानं तेही प्रचारकच ठरतील.